विडंबनपटाचे प्रथमदर्शन : 'एअरप्लेन!' (१९८०) आणि त्याचा विस्मृत पूर्वज

प्रस्तावना

१९८० च्या जुलै महिन्याच्या आरंभी अमेरिकेतील चित्रपटगृहांत 'एअरप्लेन!' हा चित्रपट प्रदर्शित झाला. पॅरामाउंट या चित्रसंस्थेने सुमारे ३५ लाख डॉलर खर्च करून काढलेल्या आणि दीड तासाहूनही कमी लांबीच्या या चित्रपटाने आठ कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळविले. लॉस एंजेलिसहून शिकागोला निघालेल्या विमानात मासे खाल्लेल्या सर्वांना विषबाधा होते, दोन्ही वैमानिक बेशुद्ध पडतात आणि युद्धाच्या आठवणींनी खचलेल्या टेड स्ट्रायकर नावाच्या माजी वैमानिकाला ते विमान उतरवावे लागते, एवढेच त्याचे कथानक. आपत्तिपटांचे विडंबन म्हणून हा चित्रपट ओळखला जातो आणि विनोदी चित्रपटांच्या बहुतेक याद्यांत त्याला मानाचे स्थान असते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली काढलेल्या शंभर विनोदी चित्रपटांच्या यादीत तो दहावा होता. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यायोग्य कृती म्हणून त्याचा समावेश झाला.

मात्र हा चित्रपट आज प्रथमच पाहणारा प्रेक्षक आणि १९८० साली प्रथमच पाहणारा प्रेक्षक यांना एकाच गोष्टीचे हसू येते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विडंबन ही परावलंबी कला आहे. वाचकाच्या किंवा प्रेक्षकाच्या मनात मूळ कृती आधीपासून उपस्थित आहे, हे तिचे गृहीतक असते. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट यौस याने 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडताना सर्व्हांतेसच्या 'डॉन किहोते'चा दाखला दिला, तो याच कारणाने. शिलेदारी अद्भुतकथांनी घडविलेल्या अपेक्षा जागवायच्या आणि मग त्या उधळून लावायच्या, ही त्या कादंबरीची रीत होती. आज 'डॉन किहोते' जगभर वाचली जाते. ज्या कथांची तिने टर उडविली त्या तज्ज्ञांखेरीज कोणी वाचत नाही. मूळ कृती लोपली आणि विडंबन उरले, तर त्या विडंबनाचे प्रथमदर्शन नेमके कशाचे दर्शन असते? 'एअरप्लेन!'च्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

मूळ कृती : एक वैमानिक, एक नाटक, एक चित्रपट

या वंशावळीच्या मुळाशी आर्थर हेली हा लेखक आहे. १९२० साली इंग्लंडमधील ल्यूटन येथे जन्मलेला हेली दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होता. १९४७ मध्ये तो कॅनडात स्थायिक झाला. पुढे एका विमानप्रवासात, दोन्ही वैमानिक एकाएकी आजारी पडले तर विमान आपल्याला उतरवता येईल काय, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्या दिवास्वप्नातून 'फ्लाइट इनटू डेंजर' हे दूरचित्रवाणी नाटक जन्मले. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने ते ३ एप्रिल १९५६ रोजी प्रसारित केले. दूरचित्रवाणी नाटके त्या काळी बहुधा थेट सादर होत. विमान उतरविणाऱ्या माजी वैमानिकाची भूमिका जेम्स डूहान याने केली होती. 'स्टार ट्रेक' मालिकेतील अभियंता स्कॉटी म्हणून पुढे जग त्याला ओळखू लागले.

या नाटकावरून पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, 'झीरो अवर!' हा चित्रपट निघाला. दिग्दर्शन हॉल बार्टलेटचे होते आणि पटकथेत स्वतः हेलीचा सहभाग होता. नायक टेड स्ट्रायकर हा कॅनडाच्या शाही हवाई दलातील माजी लढाऊ वैमानिक. युद्धात त्याच्या निर्णयामुळे सहकारी मृत्युमुखी पडले आणि तेव्हापासून तो कोठेच स्थिरावू शकलेला नाही. एकामागून एक नोकऱ्या गेल्या. अखेर पत्नी मुलाला घेऊन निघाली आणि तिला गाठण्यासाठी तो विनिपेगहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या विमानात चढला. जमिनीवरून त्याला मार्गदर्शन करण्यासाठी जो अधिकारी येतो, तो युद्धकाळात त्याला ओळखणारा आणि त्याच्याविषयी मनात अढी बाळगणारा आहे.

कथा ओढूनताणून रचलेली आहे हे खरे. परंतु नायकाच्या भूमिकेसाठी डेना अँड्र्यूजची निवड झाली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' (१९४६) या गाजलेल्या चित्रपटात युद्धावरून परतलेल्या आणि रात्री दुःस्वप्नांनी दचकून उठणाऱ्या हवाई सैनिकाची भूमिका त्यानेच केली होती. त्यामुळे १९५७ च्या प्रेक्षकाला त्याच्या चेहऱ्यावरील घामाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. महायुद्ध संपून अवघी बारा वर्षे झाली होती आणि प्रेक्षागृहात असे चेहरे शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असत.

हेलीने या कल्पनेचे पुढे पुष्कळ पीक काढले. जॉन कॅसल या नावाच्या साहाय्याने त्याने याच कथेची 'रनवे झीरो-एट' (१९५८) ही कादंबरी केली. १९७१ मध्ये त्याच कथानकावर 'टेरर इन द स्काय' हा दूरचित्रवाणीपट निघाला. दरम्यान १९६८ साली त्याची 'एअरपोर्ट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९७० मध्ये तिच्यावर आलेल्या चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकने मिळाली. त्यामागोमाग १९७४, १९७७ आणि १९७९ मध्ये याच मालिकेतील आणखी तीन चित्रपट आले. आपत्तिपटांची लाट म्हणून सत्तरच्या दशकाचे जे वर्णन केले जाते, तिचा एक उगम अशा रीतीने हेलीच्या त्या विमानप्रवासापर्यंत जाऊन पोहोचतो. एकाच लेखकाने एका चित्रप्रकाराचा पाया घालावा आणि त्याच्याच पहिल्या कथेने पुढे त्या प्रकाराचा शेवट करावा, असे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात विरळाच.

टेपवरचा शोध

'एअरप्लेन!'चे तीन दिग्दर्शक जिम अब्राहम्स, डेव्हिड झुकर आणि जेरी झुकर हे विस्कॉन्सिन राज्यातील मिल्वॉकी परिसरातले. मॅडिसन येथे १९७१ मध्ये त्यांनी 'केंटकी फ्राइड थिएटर' नावाची विनोदी नाट्यमंडळी काढली आणि पुढच्या वर्षी ती लॉस एंजेलिसला नेली. जाहिरातींचे विडंबन हा त्यांच्या कार्यक्रमाचा मुख्य भाग असे. त्यासाठी मध्यरात्रीनंतरच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण करून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. त्या वेळी जाहिराती अधिक आणि विचित्र असत. एका रात्री जाहिरातींच्या मधल्या जागेत जुना चित्रपट मुद्रित झाला. तो 'झीरो अवर!' होता.

चित्रपटाच्या इतिहासात यंत्राची भूमिका कोठे निर्णायक ठरते, याचे हे चांगले उदाहरण आहे. चित्रपटगृहात एकदा पाहिलेला चित्रपट स्मरणात राहतो, पण तो पुन्हा पुन्हा थांबवून, मागे नेऊन तपासता येत नाही. टेपमुळे ते शक्य झाले. कथानक किती काटेकोर बांधले आहे आणि संवाद किती गंभीर चेहऱ्याने म्हटले आहेत, हे त्या तिघांनी बारकाईने पाहिले आणि त्याच सांगाड्यावर आपला चित्रपट रचला. घेतलेला भाग इतका मोठा होता की 'झीरो अवर!'चे हक्क त्यांनी रीतसर विकत घेतले. कायद्याच्या दृष्टीने 'एअरप्लेन!' ही पुनर्निर्मितीच ठरते. नायकाचे नाव, माशांची विषबाधा, धुक्यातले उतरणे, जमिनीवरचा जुना वैरी हे सर्व मूळचेच आहे. शीर्षकातील उद्गारचिन्हसुद्धा वारशाने आलेले आहे!

त्यांच्या पद्धतीचे एक उदाहरण पुरेसे ठरावे. ताणाच्या प्रसंगी जमिनीवरचा अधिकारी, धूम्रपान सोडण्यासाठी आपण भलताच आठवडा निवडला, अशा अर्थाचे उद्गार काढतो. हे वाक्य 'झीरो अवर!'मध्ये जसेच्या तसे आहे आणि तेथे ते एका दमलेल्या माणसाचे साधे, मानवी वाक्य आहे. 'एअरप्लेन!'मध्ये लॉइड ब्रिजेस तेच वाक्य तितक्याच गंभीरपणे म्हणतो. थोड्या वेळाने दारूविषयी, मग उत्तेजक गोळ्यांविषयी आणि शेवटी डिंक हुंगण्याविषयी म्हणतो. मूळ वाक्याला धक्काही लागलेला नाही. फक्त त्याची पुनरावृत्ती वाढत गेली आहे. विडंबन म्हणजे चिकित्सक अंतर राखून केलेली पुनरावृत्ती, ही लिंडा हचन यांनी १९८५ मध्ये मांडलेली भूमिका या एका प्रसंगाने जितकी स्पष्ट होते तितकी दीर्घ विवेचनाने होणार नाही. आपल्याकडे भरताने शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य उपजते असे सांगितले आहे. येथे भयानकाची अनुकृती आहे, एवढाच फरक.

चित्रसंस्थेने विमान जेट असावे असा आग्रह धरला. दिग्दर्शकांना मूळ चित्रपटातील पंख्यांचे विमान हवे होते. अखेर पडद्यावर जेट आले, परंतु पूर्ण चित्रपटभर त्याला पंख्यांच्या विमानाची घरघर जोडलेली आहे. 'झीरो अवर!' न पाहिलेल्या प्रेक्षकाच्या हे लक्षातही येत नाही, आणि आले तरी ती चूक वाटते. जुन्या चित्रपटाचा आवाज अक्षरशः नव्याच्या पोटात राहिला आहे.

पात्रनिवडीचा निर्णय याहून धाडसी होता. विनोदी नटांऐवजी आयुष्यभर गंभीर भूमिका केलेले नट घेण्यात आले. 'मिशन : इम्पॉसिबल' मालिकेतला पीटर ग्रेव्हज, 'द अनटचेबल्स'मधला आणि 'द हाय अँड द माइटी' (१९५४) या विमानपटातला रॉबर्ट स्टॅक, 'सी हंट'मधला लॉइड ब्रिजेस आणि 'द पोसायडन ॲडव्हेंचर' (१९७२) मध्ये बुडणाऱ्या जहाजाचा कप्तान झालेला लेस्ली नील्सन यांनी आपले नेहमीचे काम नेहमीच्याच गांभीर्याने केले. 'द बिग बस' (१९७६) या आपत्तिपटाच्या आधीच्या विडंबनाला यश लाभले नव्हते. अपयशाची कारणे अनेक असू शकतात. परंतु त्यातील नट आपण विनोद करीत आहोत हे विसरू देत नाहीत, हे एक कारण नक्कीच मानता येईल.

१९८० चा प्रथमप्रेक्षक

त्या उन्हाळ्यात चित्रपटगृहात बसलेल्या अमेरिकन प्रेक्षकाने 'झीरो अवर!' पाहिलेला असण्याची शक्यता कमीच होती. तेवीस वर्षांपूर्वीचा तो मध्यम दर्जाचा चित्रपट मध्यरात्रीच्या प्रक्षेपणापुरता उरला होता. त्याच्या मनात होते ते 'एअरपोर्ट' मालिकेचे चार चित्रपट. 'एअरपोर्ट १९७५' मध्ये मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या आजारी मुलीला एक जोगीण गिटार वाजवून गाणे ऐकविते. 'एअरप्लेन!'मध्ये हवाई सुंदरी जोगिणीची गिटार घेऊन गाण्यात इतकी रंगते की गिटारचा धक्का लागून मुलीची सलाईनची नळी निघते आणि बाकीचे प्रवासी मात्र तल्लीन होऊन ऐकत राहतात. ज्याने मूळ प्रसंगात डोळे पुसले होते, त्याच्या हसण्यात स्वतःच्याच भाबडेपणावरचे हसू मिसळलेले असणार.

याखेरीज 'जॉज' (१९७५), 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७), 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' (१९५३), त्या काळच्या कॉफीच्या जाहिराती अशा असंख्य गोष्टींचे संदर्भ त्यात आहेत. एका प्रसंगात दोन कृष्णवर्णीय प्रवाशांची बोली हवाई सुंदरीला कळत नाही, तेव्हा एक प्रौढ, सुसंस्कृत गोरी बाई दुभाषी म्हणून पुढे येते. ही भूमिका बार्बरा बिलिंग्जली हिने केली. 'लीव्ह इट टू बीव्हर' (१९५७ ते १९६३) या मालिकेत ती अमेरिकेची आदर्श आई होती. हे न जाणणारा प्रेक्षकही या प्रसंगाला हसतो, कारण बाईच्या वेशात आणि भाषेत विसंगती आहे. पण १९८० च्या प्रेक्षकाला स्वतःच्या बालपणीची आई ती बोली बोलताना दिसत होती. एकाच विनोदाचे दोन थर आहेत आणि काळ वरचा थर शाबूत ठेवून खालचा झिजवीत जातो.

राजकीय संदर्भाच्या बाबतीत तर काही महिन्यांतच अर्थ पालटला. एका प्रसंगी आजारी प्रवासी आपल्या अवस्थेची तुलना रोनाल्ड रीगनचा चित्रपट पाहण्याशी करते. दुसऱ्या एका प्रसंगी डॉक्टर मृत सहकाऱ्याच्या अखेरच्या शब्दांची आठवण देऊन नायकाला स्फूर्ती देतो. हे भाषण 'न्यूट रॉक्नी, ऑल अमेरिकन' (१९४०) या चित्रपटावरून बेतलेले असून त्यातील मरणोन्मुख खेळाडू जॉर्ज गिप याची भूमिका रीगननेच केली होती. चित्रपट लागला तेव्हा रीगन रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीच्या उंबरठ्यावर होता. ४ नोव्हेंबर १९८० रोजी तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. जुलैत जो सामान्य नटावरचा टोमणा होता, तो नोव्हेंबरनंतर राष्ट्रप्रमुखावरचा ठरला. एकाच वर्षात, एकाच चित्रफितीवर!

विमानतळाचा दस्तऐवज

इतिहासाच्या दृष्टीने 'एअरप्लेन!'चे सर्वाधिक मोल त्याच्या पार्श्वभूमीत आहे. विडंबनकार ज्याची थट्टा करतो ते त्याच्या काळी सर्वपरिचित असावे लागते. त्यामुळे गंभीर चित्रपट ज्या गोष्टी गृहीत धरून वगळतो, त्या विडंबनपट आवर्जून नोंदवितो. १९८० चा अमेरिकन विमानतळ कसा होता हे जाणण्यासाठी हा चित्रपट उपयुक्त साधन आहे.

तिकीट घेताना धूम्रपानाची जागा हवी की बिगरधूम्रपानाची, असा प्रश्न विचारला जातो आणि नायकाला धूर निघत असलेले तिकीट हाती मिळते. अमेरिकेत दोन तासांपेक्षा कमी अवधीच्या देशांतर्गत उड्डाणांत धूम्रपानबंदी १९८८ मध्ये आली, सहा तासांपर्यंतच्या उड्डाणांत १९९० मध्ये. आजच्या विद्यार्थ्याला या विनोदाचा पहिला अर्धा भागच समजावून सांगावा लागतो. सुरक्षा तपासणीतून शस्त्रधारी माणसे निर्धास्त निघून जातात आणि अधिकारी एका म्हातारीला धरून तिची झडती घेतात, असा एक प्रसंग आहे. अमेरिकन विमानतळांवर सर्व प्रवाशांची तपासणी १९७३ पासून सुरू झाली होती; म्हणजे ही व्यवस्था तेव्हा सात वर्षांची होती आणि तिची चेष्टा करण्याइतकी अंगवळणी पडली होती. २००१ नंतर हा प्रसंग पाहताना हसू येते, पण ते काहीसे अडखळत येते. उड्डाण चालू असताना लहान मुलाला वैमानिकाच्या कक्षात नेऊन आणण्याची प्रथाही आता इतिहासजमा झाली आहे.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने लक्षणीय असा भाग विमानतळावरील वर्गणी मागणाऱ्यांचा आहे. नाना पंथांचे लोक प्रवाशांना अडवून देणग्या मागत असल्याचे दृश्य पुन्हा पुन्हा येते. त्यांत भगव्या वस्त्रांतील, मुंडन केलेले कृष्णभक्त आहेत. रॉबर्ट स्टॅकचे पात्र विमानतळात शिरताना या मंडळींना एकेक करून हाणीत पुढे जाते. भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क येथे आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघाची स्थापना केली. सत्तरच्या दशकात ग्रंथवितरण आणि देणग्या यांसाठी अमेरिकन विमानतळ हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख क्षेत्र झाले. यातून उद्भवलेला वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यूयॉर्क परिसरातील विमानतळांविषयीच्या खटल्यात १९९२ मध्ये न्यायालयाने देणग्या मागण्यावरील बंदी उचलून धरली. साहित्य वाटण्यावरील बंदी मात्र अवैध ठरविली. बारा वर्षांनी न्यायालयासमोर आलेल्या वादात सामान्य प्रवाशाची चीड काय होती, हे निकालपत्रापेक्षा त्या एका दृश्यातून अधिक थेटपणे कळते. बंगालमधून गेलेली भक्तिपरंपरा अमेरिकन लोकमानसात कोणत्या रूपाने उमटली, या विषयाच्या अभ्यासकानेही त्याची दखल घ्यावयास हवी.

त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की, चित्रपटाची सर्व थट्टा सारख्या सहजतेने स्वीकारता येत नाही. आफ्रिकेतील आदिवासींना बास्केटबॉल शिकविण्याचा प्रसंग वंशभेदी कल्पनांवरच उभा आहे. स्ट्रायकरची लांबण ऐकून जीव देणाऱ्या सहप्रवाशांत पोट फाडून घेणारा जपानी सैनिक आणि अंगावर पेट्रोल ओतून घेणारा फेटेधारी गृहस्थ आहे. वैमानिकाचे लहान मुलाशी सूचक बोलणे तर आज प्रथमच पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. पीटर ग्रेव्हजलाही संहिता प्रथम अभिरुचिहीन वाटली होती. या प्रसंगांचे समर्थन करण्याचे कारण नाही, आणि ते कापून टाकून इतिहासही कळणार नाही.

उलटलेला क्रम

जेन ऑस्टेनची 'नॉर्दँगर ॲबी' ही कादंबरी भयकादंबऱ्यांचे विडंबन म्हणून प्रसिद्ध आहे. तीत एक पात्र सात भयंकर कादंबऱ्यांची नावे सांगते. ही नावे ऑस्टेनने मनानेच रचली असावीत, अशी पुढील काळात अनेकांची समजूत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मायकेल सॅडलीर प्रभृती संशोधकांनी त्या साती कादंबऱ्या प्रत्यक्षात अस्तित्वात होत्या हे दाखवून दिले. मूळ कृती इतकी विस्मरणात गेली होती की तिची नोंद विडंबनातच उरली आणि ती नोंदही कल्पित मानली गेली. मराठीतही हेच घडताना दिसते. आचार्य अत्रे यांची 'झेंडूची फुले' आजही आवडीने वाचली जातात. रविकिरण मंडळातील कवींच्या ज्या लकबींवर त्यांचा रोख होता, त्यांचा परिचय अनेक विद्यार्थ्यांना अत्र्यांमार्फतच होतो. चेष्टा आधी वाचायची आणि कविता नंतर, असा हा उलटा क्रम आहे. अशा वाचकाला माधव ज्यूलियनांची कविता निर्मळ मनाने वाचणे अवघड जाते, हे अध्यापकांच्या अनुभवाचे आहे.

'झीरो अवर!'चे नेमके तसेच झाले. २००७ मध्ये तो डीव्हीडीवर आला तो 'कल्ट कॅम्प क्लासिक्स' नावाच्या संचातून, म्हणजे गंभीरपणे केलेला पण आता हास्यास्पद वाटणारा चित्रपट या वर्गात. दोन्ही चित्रपटांतील प्रसंग समोरासमोर ठेवून दाखविण्याची आवड पुढे वाढली आणि त्यातून त्याला नवा प्रेक्षकवर्ग मिळाला. मात्र या प्रेक्षकाला डेना अँड्र्यूजचा घामेजलेला चेहरा दिसत नाही. त्याला रॉबर्ट हेजच्या कपाळावरून बादलीभर वाहणारे पाणी आठवते. ज्या वाक्यावर १९५७ मध्ये प्रेक्षागृह स्तब्ध झाले असेल, त्याच वाक्याला आज हशा पिकतो.

प्रत्येक विडंबनाचे असेच होते असे नाही. १९८० साली, अमेरिकेत आपत्तिपट हास्यास्पद ठरत असतानाच, हिंदीत 'द बर्निंग ट्रेन' हा भव्य आपत्तिपट संपूर्ण गांभीर्याने प्रदर्शित झाला. येथील प्रेक्षकाला तो प्रकार नवा होता. त्याचे विडंबन समजण्यास लागणारे क्षितिज येथे तयारच झालेले नव्हते. उलट कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारो' (१९८३) मधील द्रौपदी वस्त्रहरणाच्या रंगमंचीय गोंधळाला मूळ कथेच्या विस्मरणाचे भय कधीच नव्हते. महाभारत न जाणणारा भारतीय प्रेक्षक शोधूनही सापडणार नाही. तेथे प्रथमदर्शन कोणत्याही पिढीचे असो, मूळ सदैव समोर असते आणि विडंबनामुळे त्याचा केसही वाकडा होत नाही.

'एअरप्लेन!'च्या बाबतीत हरवले ते मात्र महायुद्धातून परतलेल्या पिढीचे एक सामान्य, गद्य स्वरूपाचे दुःख. 'झीरो अवर!' ही काही श्रेष्ठ कलाकृती नाही. परंतु पुष्कळांच्या घरात असलेली गोष्ट तिने सांगितली होती. १९८० च्या चित्रपटात स्ट्रायकरचे युद्ध कोणते हे मुद्दामच धूसर ठेवले आहे. व्हिएतनाममधून अमेरिकन सैन्य परतून सात वर्षे झाली होती; 'द डिअर हंटर' (१९७८) आणि 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) नुकतेच येऊन गेले होते. अशा वेळी युद्धाची आठवण सांगू लागलेल्या माणसाचा शेजारी कंटाळून गळफास लावून घेतो, हा विनोद हसविणारा आहे तसाच निर्दयही आहे. तिघा दिग्दर्शकांचे जन्म अनुक्रमे १९४४, १९४७ आणि १९५० चे. वडीलधाऱ्यांच्या युद्धकथा ऐकत वाढलेल्या पिढीचा तो विनोद आहे.

आणि ज्यांच्या तोंडी तो घातला गेला, ते नट त्या वडीलधाऱ्यांच्याच पिढीचे होते. पीटर ग्रेव्हज अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात होता, रॉबर्ट स्टॅक नौदलात तोफखान्याचा प्रशिक्षक. लेस्ली नील्सन कॅनडाच्या शाही हवाई दलात होता, म्हणजे मूळ स्ट्रायकर ज्या दलातला त्याच दलात. तोफचालकाचे शिक्षण त्याने घेतले होते, पण वय कमी असल्याने तो आघाडीवर गेला नाही. तीस वर्षे गंभीर भूमिका केलेल्या या नटाची 'एअरप्लेन!'नंतर विनोदी नट म्हणूनच ओळख उरली. 'पोलीस स्क्वॉड!' (१९८२) ही मालिका आणि तिच्यावरून निघालेला 'द नेकेड गन' (१९८८) हे त्याच ओळखीचे फळ. चित्रपट राष्ट्रीय नोंदवहीत गेला त्याच वर्षी, २०१० मध्ये, त्याचे निधन झाले. सीबीसीच्या त्या पहिल्या नाटकात विमान उतरविणारा जेम्स डूहान तर कॅनडाच्या तोफखान्याचा अधिकारी म्हणून ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला होता. त्या रात्री त्याला अनेक गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचे मधले बोट गेले. बारा वर्षांनी, १९५६ च्या एप्रिलमध्ये, खचलेल्या माजी वैमानिकाची भूमिका करताना त्याने खोट्या विमानाच्या दांड्यावर ठेवला तो हाच हात.